पुण्याच्या थंडीची तयारी गिझरपासून करावी

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातील किमान तापमान काही रात्री 10 अंशांच्या खाली जात असले, तरी दुपारी ऊन चांगले असते. त्यामुळे इथल्या घरांत खोल्या तापवण्यापेक्षा आंघोळीचे पाणी तापवण्यावरच अधिक वीज खर्च होते. म्हणूनच दिवाळीच्या साफसफाईत गिझरची तपासणीही उरकून घ्यावी.

बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्यांनी तर ती टाळूच नये. गेल्या वर्षी आमचा गिझर उघडला, तेव्हा कॉइलवर क्षारांचा पांढरा थर इतका जाड बसला होता की मूळची नळी दिसतच नव्हती, आणि टाकीच्या तळातून चुन्याच्या पोपड्यांसारखा ओंजळभर गाळ निघाला. अशा थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत लवकर पोहोचत नाही आणि अखेरीस कॉइल जळते. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास तीही त्याच वेळी बदलावी.

थर्मोस्टॅट 55 ते 60 अंशांवर ठेवावा आणि आंघोळी लागोपाठ उरकून गिझर बंद करावा. 15 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर नेण्यास साधारण 0.35 युनिट वीज लागते, म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला सुमारे 42 युनिटे होतात. दहा मिनिटांच्या शॉवरला 80 ते 100 लिटर पाणी सहज लागते आणि एकाच आंघोळीला दोनेक युनिटे जातात. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढील विजेला चढा दर लागत असल्याने हा फरक बिलात स्पष्ट दिसतो.

गच्चीवर सोलर असेल, तर पावसाळ्यानंतर त्याच्या काचेच्या नळ्या सकाळी, त्या तापण्यापूर्वी, धुऊन घ्याव्यात. गरम पाणी येईपर्यंत नळातून येणारे थंड पाणी बादलीत धरून ठेवावे. ते धुण्याभांड्यांना उपयोगी पडते.

थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे दिवसभर उघडे ठेवावेत आणि ऊन उतरताच खिडक्या लावून पडदे ओढावेत. दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी पुरेशी होते. 2000 वॅटचा हीटर तासाला दोन युनिटे घेतो. त्याऐवजी उन्हात तापवलेली गोधडी आणि फरशीवर अंथरलेली सतरंजी यांनी बहुतेक रात्री निभावतात. फ्रिजचे बटणही एक घर खाली आणावे.

एक गोष्ट मात्र काटकसरीपेक्षा फार महत्त्वाची आहे. ऊब टिकवण्याच्या नादात गॅस गिझर असलेल्या बाथरूमची झडप कधीही बंद करू नये, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे माणसाला धोका कळण्याआधीच शुद्ध हरपते. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा.