पॅलिम्प्सेस्टवर निबंध लिहिताय? या चुका टाळा

सांगलीत एम.ए.च्या मुलांचे कवितांवरचे निबंध वाचताना पॅलिम्प्सेस्ट हा शब्द सारखा भेटतो आणि बरेचदा त्याच्या जागी नुसतं 'थर' लिहिलं तरी वाक्याचं काही बिघडत नाही. पहिली चूक हीच. थर मातीलाही असतात. पॅलिम्प्सेस्ट म्हणजे खरवडून पुन्हा लिहिलेलं कातड्याचं पान, कातडं महाग म्हणून जुना मजकूर मुद्दाम घालवायचा नि वर नवा लिहायचा, पण शाई आत मुरलेली असते त्यामुळे जुनं पुसट का होईना मागं राहतं. मुद्दाम पुसलंय आणि तरी पुरतं पुसलं गेलं नाही, हे दोन्ही कवितेतल्या ओळींवर बोट ठेवून दाखवता येत नसेल तर शब्द वापरूच नका.

पाटीचं उदाहरण देऊ नका, ओल्या फडक्यानं पाटी नीट पुसली की विषय संपला. त्यापेक्षा भिंती बघा. २०१९ च्या पुरानंतर नदीकडच्या एका गल्लीत भिंतीचा चुना सुटला आणि खालची खताची जुनी जाहिरात अर्धी वर आली, तिच्यावर निवडणुकीची घोषणा होती, दोन्हींची अक्षरं एकमेकांत अडकलेली, मी बराच वेळ बघत उभा होतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते. खालचं तेवढं खरं आणि वरचं म्हणजे अडथळा, असं मुलं धरून चालतात. आर्किमिडीजच्या पोथीचं बघा. त्याच्या गणिताची १० व्या शतकातली नक्कल, १२२९ मध्ये पानं खरवडून, आडवी फिरवून त्यावर प्रार्थना लिहिल्या, १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकानं खालचं गणित ओळखलं. सगळे म्हणतात प्रार्थनांनी गणित झाकलं. झाकलं हे खरंच, पण प्रार्थनेची पोथी म्हणून कुणीतरी ती शतकानुशतकं जपली म्हणून तर पानं उरली ना! शिवाय २० व्या शतकात चार पानांवर कुणीतरी बनावट चित्रंही रंगवली, म्हणजे दोनच थर मोजून थांबणंही चूक. वाचायचं असतं ते सगळं एकमेकांत गुंतलेलं.

आता फ्रेंच समीक्षक जेनेट. १९८२ च्या पुस्तकाचं नाव त्यानं 'पॅलिम्प्सेस्ट' ठेवलं म्हणून मुलं कुठल्याही पुनर्कथनाला हा शब्द लावतात. तो बोलतोय ते एका कृतीवरून जाणूनबुजून घडलेल्या दुसऱ्या कृतीबद्दल, जसं वाल्मीकीवरून एकनाथांचं भावार्थ रामायण. तिथं वाल्मीकी कुणी खरवडला नाही, तो शाबूत आहे. उलट खऱ्या पोथीत गणिताचा नि प्रार्थनेचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पान एक मिळालं एवढंच. तुम्ही यातलं कुठलं म्हणताय ते पहिल्याच परिच्छेदात सांगा.

आणि गाडी अडलीच तर समासात तीन प्रश्न लिहा: पुसलं कुणी, कशासाठी, आणि उरलेलं नेमकं कुठल्या ओळीत दिसतं. तिसऱ्याला उत्तर सापडेना तर कविता पुन्हा काढून वाचा, निबंध नंतर.