भाड्याने घर घेताय? आधी हे बघा

फोटोत आवडलं म्हणून टोकन देऊन मोकळे होऊ नका, स्वतः जाऊन बघा आणि शक्यतो दिवसाच. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश करून बघा, सिंकखालचं कपाट उघडून आत हात फिरवा, ओलं लागलं तर गळती आहे समजा, आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की मागे ओल आहे का ते सरळ विचाराच. घर खरंच भाड्याने देणाऱ्या माणसाच्याच नावावर आहे ना, कागद बघा. डिपॉझिट कधी परत, नोटीस किती, मेंटेनन्स कोणाकडे हे सगळं अ‍ॅग्रीमेंटमधे लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका. फ्लॅट असेल तर पार्किंग, पाळीव प्राणी यांचे नियमही विचारा. सामान हलवायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि मीटरचं रीडिंग काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा.