दुपारच्या निवांत वेळी सिगारची तुलना करताय? या चुका टाळा

आम्ही पहिल्यांदा तुलना केली तेव्हा जवळजवळ सगळंच चुकलं होतं. डिसेंबरातला रविवार, पुण्यातल्या एका मित्राची गच्ची, पोटात मटण-भाकरी आणि समोर तीन देशांचे सिगार. एक वीतभर लांब, एक आखूड जाडा, एक करंगळीएवढा बारीक. संध्याकाळी निकाल लागला: क्यूबाचा सगळ्यांत भारी. निकाल जाहीर करणारा गडी तोच, ज्याने तो आणला होता. आज ती वही उघडली की हसू येतं. त्या दुपारी आम्ही तुलना केली ती आकाराची, ओलाव्याची आणि आपापल्या घाईची. तंबाखू त्यात कुठेच नव्हता.

तीन आकार घेऊन बसू नका

सिगारची जाडी इंचाच्या 64 व्या भागात मोजतात. 50 जाडीचा म्हणजे 50/64 इंच, साधारण 20 मिलिमीटर. बाहेरचं पान म्हणजे रॅपर, त्याखाली सगळं आवळून धरणारा बाइंडर आणि आत फिलर. बारीक सिगारमध्ये फिलरच्या मानाने रॅपरचा वाटा जास्त, म्हणून त्याची चव पुढे येते. जाड सिगारमध्ये फिलर बोलतो. त्यामुळे एकच मिश्रणसुद्धा दोन आकारांत वेगळं लागतं. सगळ्यांसाठी रोबुस्टो घ्या, म्हणजे सुमारे 5 इंच लांब आणि 50 जाड. तो बहुतेक सगळे बनवतात आणि पाऊण ते एक तासात संपतो.

नाव एक, सिगार दोन

मॉन्टेक्रिस्टो, रोमियो वाय हुलिएटा, पंच ही नावं वाचून क्यूबा गृहीत धरू नका. 1960 मध्ये क्यूबात सिगारचे कारखाने सरकारजमा झाले, बरेच मालक देश सोडून गेले आणि 1962 पासून अमेरिकेने क्यूबाचा माल बंद केला. त्यातून एकाच नावाचे दोन संसार उभे राहिले. हव्हानाचा मॉन्टेक्रिस्टो आणि डॉमिनिकन रिपब्लिकचा मॉन्टेक्रिस्टो यांच्यात नाव सोडलं तर फारसं काही सारखं नाही. पंचचा दुसरा अवतार होंडुरासचा. आमच्या वहीत एका पानावर नुसतंच ‘मॉन्टेक्रिस्टो, ठीक’ असं लिहिलंय. कुठला, ते आता देव जाणे.

काळा म्हणजे कडक नव्हे

हा गैरसमज फार चिवट आहे. मदुरो रॅपर काळपट दिसतो तो जाड पान आणि लांबलेलं आंबवणं यामुळे, आणि चवीला तो बरेचदा गोडसरच लागतो. कडकपणा मुख्यतः फिलरमधल्या लिगेरोचा. लिगेरो म्हणजे झाडाच्या शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली पानं. मधली सेको, खालची व्होलादो. व्होलादो चवीपेक्षा नीट जळण्यासाठी घालतात. फिकट कनेक्टिकट रॅपरखाली निकाराग्वाच्या एस्तेलीचा दणकट लिगेरो दडलेला असू शकतो. त्यामुळे रंग पाहून क्रम लावू नका, विकणाऱ्याला विचारा. सौम्य आधी, कडक शेवटी. उलट केलंत तर दुसरा सिगार गवतासारखा लागेल आणि दोष त्याच्या माथी जाईल.

जेवणाचंही तेच. ठेचा, कच्चा कांदा, झणझणीत रस्सा आणि वर मसाला पान खाऊन बसलात तर पुढचा तासभर जीभ कामातून गेली. आमटी-भातासारखं साधं जेवा, वर अर्धा तास जाऊ द्या आणि हाताशी साधं पाणी ठेवा. व्हिस्की किंवा कॉफी हवीच असेल तर सगळ्या सिगारबरोबर तीच ठेवा.

खरा घोळ ओलाव्याचा

सिगारला हवेत 65 ते 70 टक्के ओलावा मानवतो. जुलैतल्या मुंबईत तो 80 च्या वर जातो, एप्रिलच्या दुपारी पुण्यात तिशीच्या खाली येतो. म्हणजे एकच डबा दादरला फुगतो आणि कोथरूडला तडकतो. ओला सिगार जड ओढला जातो आणि सारखा विझतो. कोरडा भराभर, गरम आणि कडवट जळतो. दोन मित्र आपापल्या घरून एकेक सिगार आणतात तेव्हा अर्धी तुलना तिथेच बिघडते. निदान दोन-तीन आठवडे सगळे एकाच डब्यात राहू द्या.

त्यासाठी महागडा लाकडी ह्युमिडोर, म्हणजे ओलावा राखणारी सिगारची पेटी, लागत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात 65 टक्क्यांचं, ओलावा सोडणारं आणि शोषणारंही पाकीट, एवढ्यावर भागतं. फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथली हवा कोरडी, शिवाय कालच्या माशाचा वास पानात उतरतो. वाळलेल्या सिगारजवळ ओला स्पंज ठेवून तो एका रात्रीत सुधारायला जाल तर रॅपर फाटेल. सावकाशच घ्या.

डब्यातलं हायग्रोमीटर, म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र, खरं सांगतंय का, हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबथेंब पाण्याने ओल्या वाळूसारखं करा आणि ते हायग्रोमीटरसोबत बंद पिशवीत दिवसभर ठेवा. काटा 75 वर यायला हवा. माझा 68 वर अडला होता, म्हणजे वर्षभर मी डबा नको तितका ओला ठेवत होतो.

रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली भुकटी दिसली तर तो किडा. अंडी पानातच असतात, साधारण 24 अंशांच्या वर उबवतात, आणि आपल्याकडे तेवढं तापमान वर्षातले बहुतेक दिवस असतं. बाकीचे सिगार पिशवीत बंद करून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि मग बाहेर. फ्रिजची सक्त मनाई फक्त एवढ्यापुरती मोडायची.

पेटवल्यानंतरच्या कुरबुरी

एका बाजूने भराभर जळतोय? आधी वर बघा, पंखा चालू असेल. गच्चीवर वारा हेच करतो. मागे राहिलेली बाजू खाली धरून दोन झुरके घ्या, नाहीच जमलं तर तेवढ्याच भागाला हलकेच ज्योत दाखवा. मुळात पेटवतानाच ज्योत थोडी लांब धरून, सिगार फिरवत, सगळा काठ लाल करून घेतला की हे दुखणं सहसा होत नाही. पेट्रोलचा लायटर आणि सुगंधी मेणबत्ती नको, वास पहिल्या झुरक्यापासून पाठ सोडत नाही. काडीने पेटवत असाल तर आधी गंधक जळून जाऊ द्या.

ओढला जात नसेल तर बोटांनी हलकेच चाचपा. कठीण गाठ लागली तर पातळ लांब सुई मधून घाला. तरीही नाहीच, तर तो सिगार स्पर्धेतून बाद. त्याच्यावर मत देऊ नका.

टोपी, म्हणजे तोंडाकडच्या बंद टोकावरचं पान, दोन मिलिमीटरच कापा. टोकाची गोलाई संपते त्या खांद्याच्या खाली कटर गेला की रॅपर सुटलाच.

कडवट लागतोय? दहापैकी नऊ वेळा घाई असते. गप्पांच्या भरात मिनिटाला चार झुरके जातात आणि आतला तंबाखू भाजतो. मिनिटाला एक पुरे. कडवटपणा आलाच तर एकदा हलकेच फुंकून आतला साचलेला धूर बाहेर काढा, मग जरा थांबा.

तंबाखू लागणं ही वेगळी गोष्ट. घाम, मळमळ, गरगर सुरू झालं की सिगार ठेवून द्या, पाणी प्या, काहीतरी गोड खा. ‘आपण धूर आत घेतच नाही’ हा दिलासा खोटा आहे. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच शरीरात जातं, आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका धूर न गिळताही राहतो. म्हणून एका दुपारी दोनच सिगार, आणि तेही अर्ध्यावर थांबवून. शेवटचा तिसरा भाग तसाही सगळ्यांचा जड आणि गरम होतो. एकाच्या सुरुवातीशी दुसऱ्याचा शेवट ताडण्यापेक्षा दोघांची पहिली अर्धी बाजू ताडणं बरं.

पट्टी झाका

सिगार थंड असताना त्यावरची नावाची कागदी पट्टी ओढू नका, डिंकाबरोबर रॅपर फाटतो. वरून साध्या कागदाची पट्टी गुंडाळा आणि आकडा घाला. प्रत्येकाने आधी लिहायचं, मग बोलायचं, कारण एकाने ‘चॉकलेट’ म्हटलं की पाच मिनिटांत सगळ्यांना चॉकलेट लागायला लागतं. दुसऱ्या वर्षी आम्ही असंच केलं. तोच क्यूबावाला गडी दोन नंबरच्या सिगारवर लट्टू झाला. कागद काढला तर खाली एस्तेली. तो बराच वेळ पट्टी उलटीसुलटी करून पाहत होता.