टाकी भरलेली, तरी टोमॅटो कोमेजलेला: स्वयंसिंचन कुंड्यांसाठी उन्हाळी सल्ला

भर दुपारी टोमॅटोने मान टाकली की हात आपोआप झारीकडे जातो. तळाशी पाण्याची टाकी असलेल्या स्वयंसिंचन कुंडीत तो आधी आवरा. तिच्यात टाकीतले पाणी वातीतून वरच्या मिश्रणात, म्हणजे झाड लावलेल्या भरात, चढते. इथे झाड तहानेने कोमेजते तसे मुळे गुदमरूनही कोमेजते, आणि दोन्ही वेळा पाने सारखीच लोंबतात.

आधी वेळ बघा. कडक उन्हात पाने जेवढे पाणी हवेत सोडतात, तेवढे मुळांना ओढता येत नाही. असे झाड दुपारी मलूल होते आणि ऊन उतरल्यावर सावरते. त्याला ३–४ तास सावली मिळाली तर उत्तम, बाकी काही करू नका. भल्या पहाटेही पाने लोंबलेली असतील, तर मात्र बिघाड आहे. मग पाणी भरायच्या नळीत काठी घालून टाकीतली पातळी मोजा आणि वरच्या मिश्रणात ५–७ सेंमी बोट खुपसा. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय निदान होत नाही.

टाकी कोरडी असेल तर साधी तहान आहे. रोप लहान असताना आठवड्यातून एकदा भरलेली टाकी पुरते, आणि तीच सवय पुढे चालू राहते. पण फळांवर आलेले मोठे झाड उन्हाळ्यात दिवसाला ३–४ लिटर पाणी सहज पिते. ४ लिटरची टाकी त्याला जेमतेम एक दिवस पुरेल.

टाकी भरलेली आणि वरचे मिश्रण कोरडे असेल, तर पाणी वर चढत नाही. एकदा खडखडीत सुकलेले मिश्रण आकसते, वातीपासून सुटते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. वरून एकेक लिटर पाणी १५–१५ मिनिटांच्या अंतराने, सावकाश द्या. टाकीच्या बाजूला असलेल्या, जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकातून पाणी येऊ लागले की थांबा. दोन दिवसांत पुन्हा तेच झाले तर दोष वातीत आहे. वातीचे काम करणाऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या जाळीच्या पेल्यात मिश्रण ओले करून, दाबून भरलेले नसते, किंवा वातीचे कापड पाणी न शोषणारे असते.

सर्वांत जास्त झाडे दगावतात ती तिसऱ्या प्रकारात: टाकी भरलेली, मिश्रणही चिंब. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतात वाफसा म्हणतो तीच, ओल आणि हवा दोन्ही असलेली अवस्था कुंडीत सतत टिकवायची असते. त्यासाठी टाकीतले पाणी आणि मिश्रण ज्यावर टेकते तो वरचा तळ यांत २–३ सेंमी हवेची पोकळी हवी, आणि ती राखण्याचे काम एकटे जादा पाण्याचे भोक करते. ते शेवाळाने किंवा मुळांनी बुजले, किंवा मुळातच या वरच्या तळाच्या वर पाडलेले असले, की पोकळी संपते. दुसरी चूक बागेतली माती भरण्याची. तिची छिद्रे बारीक असल्याने ती खालून पाणी ओढून घट्ट चिखल होते. निम्मे धुतलेले कोकोपीट, पाव परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) आणि पाव चाळलेले गांडूळखत एवढे मिश्रण पुरेसे मोकळे राहते. काळी कुंडी उन्हात असेल तर आणखी भर पडते, कारण पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. बाहेरून पांढरा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा.

अशा झाडाची टाकी नळीने उपसून २–३ दिवस रिकामी ठेवा, भोक तारेने मोकळे करा आणि दुपारची सावली करा. खत अजिबात नको. खोडाभोवती ताज्या मिश्रणाची ५–७ सेंमी भर घाला; टोमॅटोच्या खोडाला तिथे नवी मुळे फुटतात. जुनी मुळे तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास येणारी झाली असतील, तर झाड वाचण्याची आशा कमी.

वर पांढरी खपली आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या, तर क्षार साचले आहेत. पाणी कायम खालून वर जात असल्याने क्षार धुपून जात नाहीत. ते पृष्ठभागाशी साचतात आणि ओल असूनही मुळांना पाणी घेऊ देत नाहीत. खपली खरवडून काढा. १५ लिटर मिश्रणातून ३० लिटर साधे पाणी वरून हळूहळू सोडा आणि टाकीत उतरलेले पाणी उपसून फेकून द्या. टाकीत खत विरघळवण्याची सवय बहुधा या दुखण्याच्या मुळाशी असते.

हे सगळे ठीक असूनही झाड मरत असेल, तर रोग तपासा. पाने हिरवी असतानाच सगळे झाड एकदम लोंबले, तर खोडाचा बुंध्याजवळचा ५ सेंमी तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत दुधी, धुरासारखे धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर. खालची पाने आधी, बऱ्याचदा एकाच बाजूची, पिवळी पडली आणि खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेषा दिसल्या तर बुरशीजन्य मर. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांतले सूक्ष्म जंत.

दोन्ही मर रोगांवर फवारणीचा उपयोग नाही. झाड मिश्रणासकट काढा. ते कंपोस्टमध्ये टाकू नका. कुंडी घासून, १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाणी अशा द्रावणात अर्धा तास बुडवा, मग धुऊन वाळवा. कात्रीही त्याच द्रावणात बुडवून घ्या. अनेक कुंड्या एकाच नळीने जोडल्या असतील तर रोगट कुंडी आधी नळीपासून सोडवून वेगळी करा, कारण पाण्याबरोबर रोग शेजारच्या टाकीत पोहोचतो.