पाळीव पाल-बेडकांसाठी जिवंत कीटक कुठे शोधावेत?

लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाल), बिअर्डेड ड्रॅगन (एक सरडा) किंवा पॅकमॅन बेडूक पाळणाऱ्यांना महाराष्ट्रात खरी अडचण येते ती जिवंत खाद्याची. (घोरपड किंवा तारा कासव पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, येथे विचार केवळ कायदेशीररीत्या घेतलेल्या प्राण्यांचा आहे.) अशा प्राण्यांसाठीच कीटक विकणारी दुकाने फार थोडी असल्याने, ज्या व्यवसायांत कीटक वेगळ्याच कारणासाठी वाढवले जातात तिथे शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

पहिले ठिकाण म्हणजे शोभिवंत माशांची आणि पक्ष्यांची दुकाने. अरोवाना, फ्लॉवरहॉर्न यांसारख्या माशांसाठी सुपरवर्म आणि पक्ष्यांसाठी मीलवर्म विकले जातात (दोन्ही भुंगेऱ्यांच्या अळ्या, सुपरवर्म आकाराने मोठे). मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथे चौकशी करता येते. माल नव्याने कोणत्या दिवशी येतो हे दुकानदाराला विचारून त्याच दिवशी जावे, आणि अळ्या ज्यात ठेवलेल्या असतात तो डब्यातला कोंडा ओलसर असेल, त्याला कुबट वास येत असेल किंवा त्यात काळ्या पडलेल्या अळ्या दिसत असतील, तर तो डबा घेऊ नये. मीलवर्म फ्रिजमध्ये काही आठवडे टिकतात, सुपरवर्म मात्र थंडीने मरतात.

दुसरे ठिकाण गांडूळ खत प्रकल्पांचे. खरेदीपूर्वी जात अवश्य विचारावी, कारण आयसेनिया फेटिडा हे गांडूळ कडवट द्रव सोडते व अनेक बेडूक ते तोंडातून थुंकून टाकतात, तर युड्रिलस युजेनी हे आफ्रिकन गांडूळ सहसा आवडीने खाल्ले जाते. जालना, बीड भागांतील तुती-रेशीम उत्पादकांकडून रेशीम अळ्याही मिळू शकतात. मऊ आणि पचायला हलक्या असल्याने त्या उत्तम खाद्य ठरतात, परंतु तुतीवर फवारणी झालेली नाही याची खात्री करून घ्यावी.

अंगणातले नाकतोडे पकडून घालण्याचा मोह टाळावा. कीटकनाशके, नगरपालिकेची धूरफवारणी आणि परजीवी यांचा धोका असतोच. शिवाय रुईवर वाढणारा रंगीत टोळ झाडातले विष अंगात साठवतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत चमकणाऱ्या काजव्यांच्या कुळातला एखादा कीटकही बिअर्डेड ड्रॅगनचा जीव घेऊ शकतो. दिव्याभोवती जमणाऱ्या किड्यांबद्दलही हाच नियम पाळावा.

पुरवठा अनियमित असेल तर घरी पैदास करावी. पसरट डब्यात गव्हाचा कोंडा, ओलाव्यापुरत्या गाजराच्या चकत्या आणि २५ ते २८ अंश तापमान एवढ्यावर मीलवर्म वाढतात. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण तीन महिने लागत असल्याने पहिली खेप संपण्याआधीच दुसरा डबा लावावा. सुपरवर्म गर्दीत कोश करत नाहीत, म्हणून पैदाशीसाठी प्रत्येक अळी वेगळ्या लहान डबीत ठेवावी लागते. मुंग्या चढू नयेत म्हणून डबा पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवावा.

कुठूनही आणलेले कीटक लगेच खाऊ घालू नयेत. दुकानातली अळी बहुधा उपाशीच असते. तिला निदान एक दिवस गाजर, लाल भोपळा, शेवग्याची पाने द्यावीत आणि खाऊ घालताना वरून कॅल्शियमची भुकटी लावावी, कारण बहुतेक कीटकांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असते. कीटकाची लांबी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी, आणि न खाल्लेले सुपरवर्म रात्रभर पिंजऱ्यात राहू देऊ नयेत. ते झोपलेल्या प्राण्याला चावतात.