व्हेझेर खोऱ्यातल्या चित्रगुहा: गाडी काढण्यापूर्वीची तयारी

आधी तिकिटं, मग मुक्काम, रस्ता सगळ्यात शेवटी. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या आदिमानवाच्या चित्रगुहा बघायला निघालेल्यांचा बेत फसतो तो हा क्रम उलटा झाल्याने. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, बाष्प आणि अंगाची ऊब यांमुळे भिंतीवर शेवाळ चढतं, कॅल्साइटचा पांढरा थर धरतो. लास्कोची गुहा १९६३ साली याच कारणाने बंद झाली. म्हणून ज्या गुहा अजून खुल्या आहेत, तिथेही माणसं मोजून सोडतात. खोऱ्याबाहेरच्या पेश-मेर्ल गुहेत दिवसाला ७००, ले झेझी गावाजवळच्या फों-द-गोम गुहेत त्याहून कितीतरी कमी. फों-द-गोमची तारीख आधी मिळवा आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती लावा. आरक्षण करतानाच मार्गदर्शकाबरोबरची इंग्रजी फेरी आहे का तेही बघून घ्या, कारण बऱ्याच फेऱ्या फ्रेंचमध्येच असतात.

लास्कोजवळच्या मोंतिन्याक गावी दिसतं ते २०१६ साली उघडलेलं लास्को-४, म्हणजे बंद झालेल्या गुहेची प्रतिकृती. ती पहिल्या दिवशी बघावी. भरपूर उजेडात प्राण्यांच्या रेषा एकदा नजरेत बसल्या, की खऱ्या गुहेत मिणमिणत्या प्रकाशातही गव्याची पाठ चटकन ओळखू येते. मूळ चित्रासमोर वेळ थोडाच मिळतो, त्यामुळे या सरावाचा फार उपयोग होतो.

आत बारमाही १२-१३ अंश तापमान असतं. बाहेर कडक ऊन असलं तरी स्वेटर आणि बंद बूट लागतातच. दूर पिरेनीज डोंगरातल्या निओच्या गुहेत ‘सालों न्वार’ या चित्रांच्या दालनापर्यंत सुमारे ८०० मीटर ओल्या, खडबडीत जमिनीवरून चालावं लागतं. गुळगुळीत तळव्याचे बूट तिथे हमखास घसरतात. पायांना त्रास असेल तर रूफिन्याकची गुहा निवडा, तिथे विजेवरची छोटी गाडी मॅमथच्या चित्रांपर्यंत नेते. फों-द-गोमला मात्र प्रवेशद्वारापर्यंत चढ आहे आणि आतली वाट अरुंद; बाबागाडीचा विचारही नको.

उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर साध्या काचांचा दुसरा बरोबर ठेवा. थंडीत त्या काचा निवळायला वेळ घेतात आणि तेवढ्यात निम्मी फेरी संपते. पाठीवरची पिशवी गाडीतच राहू द्या: वळताना तिचा धक्का भिंतीला लागतो, आणि तिथेच एखादी कोरीव रेषा असू शकते. फोटो काढायला सहसा मनाई असते, म्हणून छोटी वही आणि पेन्सिल घ्या. गुहेबाहेर आल्याबरोबर, आठवण ताजी असतानाच, रेखाटून टाका.

गाडीत चमकदार जाकीट आणि इशाऱ्याचा त्रिकोण ठेवणं फ्रान्समध्ये सक्तीचं आहे. जाकीट डिकीत नको, सीटवरून हाताला लागेल असं हवं. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही घ्या. आणि दिवसाला दोनच गुहा ठरवा. अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर नकाशातल्या वेळेपेक्षा जास्त वेळ जातो. फेरीची वेळ चुकली की गट थांबत नाही.