पर्यावरण मंडळाचं कंपोस्ट: ओल्या कचऱ्याआधी सुका पाला

शाळेतलं कंपोस्ट पहिल्या पंधरवड्यातच बंद पडतं, ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. डब्यातलं उष्टं भरपूर जमतं, त्यावर घालायला सुका पाला नसतो. मग माश्या होतात, वास सुटतो, जवळच्या वर्गाच्या खिडक्या बंद होतात. म्हणून निदान महिनाभराचा पाला साठल्याशिवाय ओल्या कचऱ्याला हात लावू नका.

किती पाला लागेल ते तोलून ठरवा. मधल्या सुट्टीनंतरचा ओला कचरा सलग पाच दिवस ताणकाट्यावर तोला, बादलीचं वजन वजा करा. समजा रोज ५ किलो निघाला, तर तो साधारण १० लिटरच्या बादलीत मावतो. एका बादलीला अडीच ते तीन बादल्या चुरलेला पाला लागतो. म्हणजे शाळेच्या वीस दिवसांना ५०० ते ६०० लिटर. पानगळ वर्षभर नसते, तेव्हा पानगळीच्या दिवसांत गोण्या भरून कोरड्या जागी रचून ठेवा.

कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) २५ ते ३० पट कर्ब (कार्बन) लागतो. उष्ट्यात नत्र जास्त, पाल्यात कर्ब जास्त. शिवाय पाला पाणी शोषतो आणि ढिगात हवेला वाट ठेवतो. मात्र अख्खी पानं भिजली की एकावर एक चिकटून बसतात आणि हवा अडते. गोणी पानांनी अर्धी भरून ती पायाने तुडवली की चुरा होतो. हे काम लहान वर्गातली मुलं सर्वात आनंदाने करतात.

पेट्या तीन हव्यात. प्रत्येकीची लांबी, रुंदी, उंची सुमारे १ मीटर, बाजूंना फटी ठेवलेल्या फळ्या किंवा जाळी, खाली उघडी माती. यापेक्षा लहान ढिगात उष्णता टिकत नाही. एक पेटी भरायची, दुसरीत मुरवायचं, तिसरी उलथापालथीसाठी मोकळी. जागा अर्ध्या सावलीतली, पाणी न साचणारी आणि विहीर किंवा टाकीपासून लांब असावी.

तळाशी १५ सेंटिमीटर जाड काटक्या, त्यावर पाला. मग ओल्याचा थर, पण ५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. त्यावर ओंजळभर जुनं खत किंवा बागेतली माती. कुजवणाऱ्या जिवाणूंचं विकतचं विरजण लागत नाही. लगेच १२ ते १५ सेंटिमीटर पाला पसरा. उघडं उष्टं एक रात्रही ठेवू नका. मांस, दुधाचे पदार्थ, तेलकट उरलंसुरलं, कुत्र्यामांजरांची विष्ठा आणि चकचकीत कागद नको. फळांवरचे स्टिकर तेवढे आठवणीने काढा, ते खतात जसेच्या तसे निघतात.

ओलावा मुठीने तपासतात. हातमोजा घालून ढिगाच्या आतला मूठभर माल घट्ट दाबा. बोटांतून एकदोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाला मिसळा. मूठ उघडताच भुगा सांडला तर झारीने पाणी द्या.

रोज थोडी थोडी भरलेली पेटी फारशी तापत नाही, त्यामुळे मुलं हिरमुसतात. पेटी भरली की सगळा माल उपसून, हवं तिथे ओला करत दुसऱ्या पेटीत टाका. मग तीनचार दिवसांत मधलं तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसला जाऊ शकतं. लांब धातूच्या दांड्याचा तापमापक वापरा, काचेचा नको. रोज ठरलेल्या वेळी, तेवढ्याच खोलीवर घातला तरच आलेख खरा येतो. तापमान ६५ च्या वर गेलं किंवा ४० च्या खाली उतरलं की उलथापालथ करायची, बाहेरचा माल आत घालून. या वेळी बुरशीची धूळ उडते, तेव्हा मास्क लावा आणि दम्याच्या मुलांना नोंदवहीचं काम द्या.

वास हीच सगळ्यात खरी तक्रारवही. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त, पाला घाला. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही. उपसून, काटक्या मिसळून पुन्हा भरा. वास नाही आणि ऊबही नाही, तर बहुधा ढीग कोरडा आहे.

मोठ्या सुट्टीआधी दोन आठवडे नवा कचरा थांबवा. एकदा उलथा, भिजवा, वर २० सेंटिमीटर पाला आणि गोणपाट टाका. पाणी कोण देणार, ते नावानिशी ठरवा. गटात शेवटच्या वर्गाचीच मुलं भरू नका. ती गेली की तापमापक कुठे ठेवला तेही कुणाला सांगता येत नाही.

तीनचार महिन्यांनी, उलथूनही ढीग तापेना झाला की १ सेंटिमीटरच्या जाळीतून चाळा. वर राहिलेला चोथा नव्या पेटीत जातो. तयार खताची परीक्षा सोपी आहे: अर्धं खत-अर्धी माती एका कुंडीत, नुसती माती दुसरीत, दोन्हीत मोहरीचे दहा-दहा दाणे. खताच्या कुंडीत कमी उगवले किंवा रोपं पिवळी पडली, तर अजून महिनाभर मुरू द्या. चांगलं उतरलं तर रोपांच्या मिश्रणात एक चतुर्थांश घाला. वाफ्यांवर २ ते ३ सेंटिमीटर पसरा, पण खोडाला चिकटवू नका.